मालकिणीचा शौक

"घर ही माणसाने स्वतःच्या पायात स्वतःच ठोकून घेतलेली बेडी आहे. खरा माणूस तो, जो कुठल्याच मुक्कामाला शेवटचा मुक्काम म्हणत नाही!"

आमचे सासरे, अप्पा हेर्लेकर, बाबालाल मिस्त्रीच्या शेडमध्ये ट्रकच्या जुन्या टायरवर बसून, उजवा हात वर करून हे म्हणाले. मग तोच हात खाली आणून त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले, आणि आवाज उतरवून माईंना विचारलं, "अगं, माझा चष्मा कुठे आहे?"

"माझ्या पर्समध्ये," माई म्हणाल्या.

"आणि रुमाल?"

"तोही."

मुक्त प्रवाशाने रुमालाने कपाळ पुसलं, चष्मा लावला आणि मांडीवर नकाशा उघडला.

ही एकोणीसशे चौऱ्याऐंशीची, कोल्हापूरची गोष्ट. अप्पा जमीन मोजणी खात्यातून आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं त्यांचा एकच शिरस्ता होता. दिवाळी संपली की तंबू, साखळी, लोखंडी ट्रंक घेऊन निघायचं, ते उन्हाने करपून मे अखेरीला परत यायचं. निवृत्तीनंतर पहिली दिवाळी संपली आणि अप्पांना घरात काय करावं ते कळेना. त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली. जीपही निवृत्तच होती. तिचा हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजायचा.

मग पन्हाळ्यावर त्यांना एक जर्मन जोडपं दिसलं, मोटारीमागे जोडलेल्या फिरत्या घरासकट. अप्पांनी त्या घराला प्रदक्षिणा घातली, खिशातून टेप काढला आणि बाहेरून माप घेतलं. जर्मन माणसाला वाटलं, सरकारी तपासणी आली. त्याने कागदपत्रं दाखवली. अप्पांनी तीही पाहिली. घरी आले ते ठरवूनच: आपणही असा ट्रेलर बांधून घ्यायचा आणि जीपला जोडून निघायचं.

म्हणून आम्ही त्या रविवारी बाबालालच्या शेडमध्ये होतो. अप्पा, माई, आणि मी. माझं तिथे काय काम, तर मला जीप चालवता यायची, रविवारी विमा कचेरीला सुट्टी असायची, आणि मी जावई होतो. म्हणजे नाही म्हणण्याची सोय नसलेला माणूस.

बाबालालने आयुष्यभर ट्रकच्या बॉड्या बांधल्या होत्या. मेंदी लावलेली दाढी, कानावर पेन्सिल. त्याने नकाशा हातात घेतला, आडवा केला, उभा केला.

"साहेब, ह्यो बाण कसला?"

"उत्तर दिशा."

"पर ही गाडी हाय न्हवं? वळली की?"

अप्पांनी क्षणभर विचार केला. "मग नकाशा वळवायचा."

बाबालालने मान डोलावली आणि नकाशा माझ्याकडे दिला. बारा फूट बाय साडेसहा फूट, सगळं प्रमाणात. पुढे ओटा, खाली पाण्याची टाकी, दोन्ही बाजूंना दोन बाकं. एका बाकावर अप्पांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'शयन क्र. १'. दुसऱ्यावर, 'शयन क्र. २ किंवा सामान'.

तेवढ्यात माईंनी माझ्या हातातून नकाशा घेतला. त्यांचं बोट ओट्यावरून निघालं, दुसऱ्या बाकापाशी आलं आणि तिथे थांबलं. नकाशाची नीट घडी घालून तो त्यांनी अप्पांना परत दिला. अप्पांनी ते पाहिलं नाही. बाबालालने पाहिलं, कारण त्याने माझ्याकडे बघितलं.

"तर साहेब," तो म्हणाला, "आमच्या धंद्यात दोन याद्या असत्यात. एक गरजेची. चासी, पाटे, आकडा, चाकं, पत्रा. ती मी करतो, त्यात इचारायचं काय न्हाई. दुसरी शौकाची. ती मालकानं सांगायची."

"आमच्या घराण्यात शौक नाही," अप्पा म्हणाले.

"ऐका तर खरं. पंखा?"

"शौक."

"खिडक्यांना जाळी? मच्छर..."

"बत्तीस वर्षं मला डास चावले, मिस्त्री. शेवटी त्यांनाच कंटाळा आला."

"देव्हारा?"

"देव सगळीकडे असतो."

"घडीचं टेबल?"

"मांडी आहे."

"आरसा?"

अप्पांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे विंचरण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं. "बघायचं काय?"

"भाईर सावलीला कनात? बाकावर फोमची गादी?"

"झाडं असतात. आणि घोंगडी आहे."

बाबालालने कानावरची पेन्सिल काढली, समोरच्या फळीवर एक आडवी रेघ ओढली आणि तो माईंकडे वळला. "आता मालकिणीचा शौक."

"म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"ह्या शेडचा रिवाज हाय, साहेब. माझ्या बापानं घातलेला. ट्रक म्हैना म्हैना भाईर ऱ्हातो, मालकीण घरात. म्हणून हर गाडीत एक वस्तू तिच्या मनाची. तिनं सांगायची, मी बसवायची, त्याला मालकानं नाही म्हणायचं न्हाई. कुणी घुंगरं लावली, कुणी लेकीचं नाव काढून घेतलं. इचलकरंजीच्या एक बाई हुत्या, त्यांनी आपलाच फोटो लावाय लावला, ड्रायव्हरच्या बरोबर डोळ्यांम्होरं." त्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. "त्याबिगर मी गाडी सोडत न्हाई."

"हो, हो, सांग ना," अप्पा घाईने माईंना म्हणाले. "जाळी सांग. जाळी उपयोगी असते."

"विचार करून सांगते," माई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी."

घरी आल्यावर मी नकाशातल्या दोन बाकांबद्दल सांगितलं, तेव्हा बायकोने, म्हणजे शैलाने, मला पहिला प्रश्न विचारला, "अप्पांनी माईला विचारलं का, येणार का म्हणून?"

"नाही."

"आणि माईने सांगितलं का?"

"नाही."

"मग दुसऱ्या बाकावर कोण झोपणार?"

"क्रमांक दोन किंवा सामान," मी म्हणालो आणि जे लिहिलं होतं ते सांगितलं.

शैला पोळी लाटता लाटता थांबली. "अप्पा विचारणार नाहीत. विचारलं आणि माई नाही म्हणाली, तर मग ते कुठे जाणार? तुम्ही जाऊन काढून घ्या तिच्या मनातलं. तुमच्याशी बोलते ती."

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर मी सासुरवाडीला गेलो. अप्पा घरी नव्हते. माई मेथी निवडत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, मग ट्रेलरच्या गावाला जाऊन आलो, मग पुन्हा इकडचं तिकडचं. माईंनी ऐकून घेतलं, हात झटकले, आत गेल्या आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

"बघा, जावईबापू. तुमच्या सासऱ्यांचं समग्र साहित्य."

आत पोस्टकार्डं होती. एकेका हंगामाचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला. मी वरचं काढलं.

'चि. सौ. यमुनेस अनेक आशीर्वाद. काल येथे सुखरूप पोचलो. पाणी बरे. जागा उंचावर. दोन बनियन पाठवणे. द. वि. हेर्लेकर.' आणि सहीखाली हुद्दा. बायकोला लिहिलेल्या कार्डाखाली.

दुसरं काढलं. राधानगरी. पाणी बरे. सुपारी पाठवणे. तिसरं, आजरा. पाणी जड. दोन बनियन पाठवणे. चंदगड. गारगोटी. पुन्हा बनियन. इतके बनियन घालणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"हे वाचा," माईंनी एक कार्ड वेगळं काढलं. ते गठ्ठ्यात नव्हतं, डब्याच्या तळाला होतं. गगनबावडा, जानेवारी एकोणसाठ. 'येथून निरभ्र दिवशी समुद्र दिसतो म्हणतात. वेळ मिळाल्यास पाहीन. सुपारी संपली.'

"मग पाहिला का?"

"मीही तेच विचारलं होतं, पत्रातून. चार पानी पत्र लिहिलं होतं मी. शैलाला दात आला ते, विहिरीचा रहाट मोडला ते, आणि शेवटी, समुद्र दिसला का."

"आणि उत्तर?"

"दोन बनियन."

मी कार्ड जपून डब्यात ठेवलं. एवढं झाल्यावर आता विचारायला हरकत नव्हती. "माई, तुम्ही अप्पांबरोबर जाणार ना?"

माईंनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "चहा टाकू का?" म्हणाल्या.

तोच निरोप मी शैलाला दिला.

इकडे अप्पांचं त्या आठवड्यात काय चाललं होतं, ते फक्त मला आणि बाबालालला ठाऊक होतं. सोमवारी संध्याकाळी ते माझ्या कचेरीबाहेर जीप घेऊन उभे राहिले आणि मला शेडकडे घेऊन गेले.

"मिस्त्री, पंखा घाला. उगाच नव्हे. हवा खेळती राहिली की लाकूड टिकतं."

मंगळवारी जाळी. "किडे लाकूड खातात."

बुधवारी देव्हारा. "देव सगळीकडे असतो, पण समई कुठेतरी ठेवावी लागते."

गुरुवारी आरसा आणि कनात. त्या दिवशी कारण सांगायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

शुक्रवारी त्यांनी शेडभर दोन फेऱ्या मारल्या, पाट्यांवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "त्या बाकावर फोमची गादी करा. चांगली चार इंची."

"दोन्हींवर?"

"दोन नंबरवर."

"आन एक नंबरवर?"

"सांगितलं ना. घोंगडी."

बाबालालने फळीवर लिहिलं. "साहेब, शौकाची यादी गरजेपेक्षा लांब झाली की."

"मग यादीचं नाव बदला."

"मालकीण येणार हाईत न्हवं?"

"ते तिच्यावर आहे."

"इचारलंसा?"

अप्पा पुन्हा वाकून पाटे बघू लागले. त्यांना घरी पोचवलं तेव्हा नकाशा सीटवरच राहिला होता. मी उघडून पाहिला. 'किंवा सामान' हे दोन शब्द ब्लेडने खरवडून काढले होते. इतक्या काळजीने, की कागद तिथे पातळ झाला होता.

रविवारी पुन्हा शेड. बाबालालने माईंसाठी स्टूल पुसून ठेवलं होतं.

"ठरलं, माईसाहेब?"

"ठरलं. मला टपालपेटी पाहिजे."

"काय?"

"टपालपेटी. पत्र्याची, लाल. दाराच्या उजव्या अंगाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर. कुलूप पाहिजे. किल्ली एकच करा."

बाबालालने माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांकडे. अप्पा उभेच होते, पण कुणी तरी खालची जमीन हातभर सरकवल्यासारखे. मग त्यांनी खिशातून टेप काढला, माईंजवळ गेले, आणि टेपचं एक टोक त्यांच्या चपलेपाशी पायाने दाबून दुसरं खांद्यापर्यंत नेलं. अर्ध्या जिल्ह्याची जमीन मोजलेला हा माणूस, पण मला वाटतं, बायकोचं माप त्याने त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं.

"चार फूट," ते म्हणाले. "मिस्त्री, चार फुटांवर."

आम्ही जीपने घरी परतलो. माई आत गेल्यावर अप्पांनी मला फाटकाशी थांबवलं. "पेटी म्हणजे पत्रं, जावईबापू. पत्रं म्हणजे ती घरी आणि मी बाहेर. पूर्वीसारखंच."

"तसंच असेल असं नाही, अप्पा..."

"दोन बिंदू दिले की त्यांतून रेषा एकच जाते. पहिल्या वर्षाला शिकवतात." ते टेप गुंडाळत राहिले. टेप केव्हाच गुंडाळून झाला होता. "मोठी लिहीत जाईन म्हणा, ह्या खेपेला."

ट्रेलर दिवाळीच्या पाडव्याला मिळाला. शेडला झेंडूची माळ, जीपला माळ, पेटीलाही एक छोटी माळ. पेटी इतकी लाल होती की तिच्याशेजारी ट्रेलर फिका दिसत होता. शैलाही आली होती. अप्पांनी खाकी हॅट घातली होती, लोखंडी ट्रंक जीपमध्ये चढवली होती. भाऊबीज झाली की ते निघणार होते. एकटेच, हे त्यांनी धरून चाललं होतं. रोज सकाळी उठून ते थोडं थोडं धरून चालत होते, हे दिसायचं.

माईंनी तबक आणलं होतं. आधी जीपला ओवाळलं, मग ट्रेलरला, मग बाबालालला. तो इतका लाजला की दाढीपेक्षा तोंड लाल झालं. शेवटी अप्पा त्याच टायरवर बसले. माईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. अप्पांनी खिशातून पाकीट काढून तबकात ठेवलं.

माईंनी ते उचलून परत दिलं. "हे राहू द्या. यंदा ओवाळणी दुसरी पाहिजे."

"साडी का? आपण उद्या..."

"पंधरा दिवस."

"कसले पंधरा दिवस?"

"ट्रेलरचे. मी जाते. शैला आणि जावईबापू येतात माझ्याबरोबर. त्यांची रजा झालीय."

हे मला तेव्हाच कळलं. रजा मात्र खरोखरच मंजूर झालेली होती. शैला माझ्याकडे न पाहता पेटीच्या माळेतलं फूल सारखं करत होती.

अप्पांनी हॅट काढली. "आणि मी?"

"तुम्ही घरी."

"घरी काय करू?"

"मी काय करत होते? ते. आणि पत्रं लिहायची. मी पेटी उघडून वाचेन."

बाबालाल पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवत होता.

"अगं, पण जाणार कुठे तू?"

"राधानगरी, गारगोटी, आजरा, चंदगड, गगनबावडा. बत्तीस वर्षं मी ही नावं पत्त्यावर लिहिली. एकही गाव पाहिलं नाही."

"मग मी येतो ना! मला एकेक गाव पाठ आहे. मी दाखवतो तुला..."

"म्हणूनच नको. तुम्ही दाखवायला लागलात की मोजून दाखवाल. मला नुसतं बघायचंय."

तबक अजून त्यांच्या हातात तसंच पुढे होतं. ओवाळणी पडल्याशिवाय ते मागे जात नसतं. अप्पांनी ट्रेलरकडे पाहिलं. पंख्याकडे, जाळीकडे, दोन नंबरच्या चार इंची गादीकडे. मग खिशातून जीपची किल्ली काढून तबकात ठेवली.

"आणि पुढच्या खेपेला?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

"ते तुमच्या पत्रांवर आहे," माई म्हणाल्या.

मागे बारा फुटांचं घर ओढत जीप चालवणं सोपं आहे. मागे घेणं अशक्य आहे. त्यामुळे पंधरा दिवस मी फक्त पुढे गेलो. त्या काळातल्या माझ्या कर्तृत्वाचं सारं रहस्य एवढंच.

माईंची रीत ठरलेली होती. गावात पोचलं की आधी पाणी मागून प्यायच्या. राधानगरीला एक घोट घेऊन म्हणाल्या, "बरंय. खोटं नव्हतं लिहिलं." आजऱ्याला म्हणाल्या, "जड आहे खरं." मग शाळा, चावडी, ज्या माळावर तंबू पडत असेल तो माळ, सगळीकडे हात मागे बांधून सावकाश हिंडायच्या. शैला आणि मी मागे.

टपालाची रीत त्याहून कडक. अप्पांची पत्रं त्या त्या गावच्या पोस्टमास्तरांच्या नावे यायची. मी ती पोस्टातून आणायची, पण हातात द्यायची नाहीत. ट्रेलरच्या पेटीत टाकायची, बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, "पत्र आलंय." मग माई पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडायच्या.

राधानगरीला कार्ड होतं. 'पोचली असशीलच. येथे सर्व ठीक. द. वि. हेर्लेकर.' खाली हुद्दा, आणि कंसात 'निवृत्त'. माईंनी ते वाचून घडी न घालता तसंच पर्समध्ये टाकलं. आजऱ्याला अर्धं पान आलं. त्यात दूधवाला, मांजर आणि गॅसची शेगडी यांच्याबद्दलच्या तक्रारी होत्या. "सुधारणा आहे," माई म्हणाल्या.

चंदगडला चावडीसमोर एक म्हातारा बसला होता, जुना कोतवाल. आम्ही कोण, कुठले, सांगितल्यावर तो माईंकडे बघतच राहिला.

"हेर्लेकर सायबाच्या मालकीणबाई? म्हंजे पत्रंवाल्या?"

"पत्रंवाल्या?"

"तुमचं टपाल आलं की सायब मोजणी थांबवायचा. साखळी तशीच जमिनीवर. उन्हात उभा राहून वाचायचा, मग छत्रीखाली बसून पुन्यांदा वाचायचा. आन मग कार्ड लिवाय बसायचा. चांगला तासभर. आमी समदी खोळंबून."

"तासभर?" शैला म्हणाली. "दोन ओळींना?"

"लिवायचा, फाडायचा. लिवायचा, फाडायचा. मी ते तुकडं येचायचो न्हवं. शेवटी दोन वळी लिवून मला द्यायचा, पेटीत टाकाया."

त्या दिवशी माई तिथल्या माळावर बराच वेळ एकट्याच बसून राहिल्या.

गगनबावड्याला आम्ही बाराव्या दिवशी पोचलो. दरीच्या अंगाला ट्रेलर उभा केला, कनात ताणली. समोर धुकं होतं. समुद्राचं सोडाच, दोन झाडांपलीकडचं काही दिसत नव्हतं. पोस्टात एक जाड पाकीट होतं. मी ते पेटीत टाकलं. गेलं नाही; दुमडून, कोंबून टाकलं.

ती पेटी आज आमच्या फ्लॅटच्या दाराला आहे. ट्रेलर गेला, जीप गेली, बाबालाल गेला, आणि ज्यांची पत्रं तिच्यात पडायची ते दोघेही गेले. आता तिच्यात विजेचं बिल आणि शिकवणी वर्गांच्या जाहिराती येतात. किल्ली अजून एकच आहे, ती शैलाकडे असते. पण त्या दिवशी ते पाकीट कोंबताना पेटीच्या फटीला जो बाक आला, तो तसाच आहे. मी सरळ करू दिलेला नाही.

माई कनातीखाली बसल्या. चार पानं होती. अक्षर अप्पांचं नव्हतं असं वाटावं इतकं मोठं आणि तिरकं, ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. माईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग सगळं पत्र शैलाकडे देऊन म्हणाल्या, "पहिल्यापासून मोठ्याने वाच. मला पुढचं दिसत नाहीये."

शैलाने वाचलं.

'प्रिय यमुना, घरात कुठली वस्तू कुठे असते हे मला ठाऊक नाही, असे आठव्या दिवशी लक्षात आले. बत्तीस वर्षे मी लोकांच्या हद्दी ठरवल्या. या घरात माझी हद्द खुर्चीपुरतीच आहे असे दिसते. बाकी सर्व क्षेत्र तुझे. दुपारी चार वाजता घर फार शांत होते. तू त्या वेळी काय करायचीस? पत्र लिहीत असावीस.

'तुझी पत्रे मी दोनदा वाचायचो. तू शैलाचा दात लिहायचीस, रहाट लिहायचीस. उत्तरात काय लिहावे ते मला सुचत नसे. लिहिलेले बरे वाटत नसे. म्हणून बनियन मागायचो. बनियन माझ्याकडे पुरेसे होते.'

शैला थांबली. माई म्हणाल्या, "वाच."

'समुद्र मी पाहिला नाही. जानेवारी एकोणसाठमध्ये एक दिवस अगदी निरभ्र होता. तू नव्हतीस म्हणून पाहिला नाही, असे लिहिले तर शोभून दिसेल. खरे असे, की त्या दिवशी दोन भावांचा बांधावरून वाद होता आणि ते मला सोडेनात. तू पाहा आणि कळव.

'येथे सर्व ठीक नाही, परंतु चालले आहे. तुझा, दत्तात्रय.'

सहीखाली हुद्दा नव्हता.

"संपलं?" माईंनी विचारलं.

"ता. क. आहे." शैलाने पान उलटलं. "'अक्षराबद्दल क्षमस्व. तू गेल्यापासून चष्मा सापडत नाही. शोधला, परंतु चष्म्यावाचून चष्मा शोधणे कठीण. कुठे आहे ते कळवणे.'"

माईंनी पर्स उघडली. आत पेटीची किल्ली होती, राधानगरीचं कार्ड होतं, आणि रुमालात गुंडाळलेला अप्पांचा चष्मा होता.

त्यांनी तो रुमालाने पुसून परत पर्समध्ये ठेवला. धुकं हललं नाही. मग त्यांनी मला पोस्टातून एक कार्ड आणायला पाठवलं. लिहायला त्यांना तासभर काही लागला नाही. पत्ता मी तपासून पाहावा म्हणून कार्ड माझ्या हातात दिलं, आणि मी जावई असल्यामुळे मजकूरही वाचला.

'सा. न. येथे सुखरूप पोचलो. पाणी बरे. येथून निरभ्र दिवशी समुद्र दिसतो म्हणतात. आम्हाला वेळ आहे. चष्मा माझ्याकडे आहे, टपालाने फुटेल. घराला कुलूप लावून सकाळच्या एसटीने यावे. दोन नंबरची गादी फार मऊ आहे, ती तुम्ही घ्यावी. मी घोंगडीवर झोपेन. आपली, सौ. यमुना दत्तात्रय हेर्लेकर, मालकीण.

'ता. क. येताना दोन बनियन आणणे.'